पियानोच्या आधी कूलर बघा

पियानो दुरुस्त करण्याच्या, सुरात लावण्याच्या कामात मी पेटीमार्गे आलो. नागपुरात नुसत्या पियानोवर घर चालत नाही. माझी निम्मी कमाई आजही हार्मोनियमचीच. हे ठाऊक असूनही शिकायचं असेल तर पुढचं वाचा.

नवा माणूस ट्यूनिंग हॅमर, म्हणजे सूर लावायची चावी, विकत घेतो आणि लगेच तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या पिना फिरवायला बसतो. थोडं थांबा. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण 15 ते 20 टन. हॅमर चुकून शेजारच्या पिनेवर बसला की ऐकत असलेला सूर हलत नाही, म्हणून आपण आणखी पिळतो. माझी तार तशीच तुटली, गालाला चाटून गेली.

सुरुवात अडकणाऱ्या पट्ट्यांपासून करा. पट्टी दाबा, सोडा आणि पुढचं फळकूट काढून आत बघा. पट्टी वर आली पण तारेवर आपटणारा हातोडा तारेपाशीच रेंगाळला, तर त्याच्या सांध्यातली बारीक पिन जाम आहे. पट्टीच खाली राहिली, तर ती डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खेळत नसेल तर पट्टीच्या भोकातलं लोकरी कापड पावसाळी हवेनं फुगलंय. खास पक्कडीनं जरासं दाबलं की सुटते. त्याआधी दोन पट्ट्यांच्या फटीत बघा. मला तिथं रुपयाची नाणी मिळाली आहेत, एकदा खडूसुद्धा.

तेल मात्र घालू नका. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. पंधरा दिवस सगळं मस्त वाजलं. मग काकूंचा फोन आला, "भाऊ, आधी तीन अडकत होत्या, आता अकरा अडकतात." तेलानं धूळ धरून कापड चिकट झालं होतं. सगळं खरवडून नवं कापड लावायला तीन दिवस गेले, तेही फुकट.

आता कूलर. नवतपा लागला की इथं पारा 45च्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत. साउंडबोर्डचं, म्हणजे तारांमागच्या आवाज घुमवणाऱ्या फळीचं, लाकूड आक्रसतं, त्याचा फुगार बसतो, तारा सैलावतात आणि सूर उतरतो. रात्री कूलर लावला की तेच लाकूड ओल पिऊ लागतं. अशा दिवसांत सूर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस लागून महिना झाला की एकदा आणि दिवाळी उलटली की एकदा, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. धरमपेठेत एका घरी पियानो कूलरच्या थेट झोतात होता. पियानो हलवायला कुणी तयार होईना, म्हणून कूलरच दुसऱ्या खिडकीत नेला. त्या दिवशी एकही पिन फिरवली नाही, तरी मजुरी घेतली.

बाकी आतल्या नमद्याला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, कसर लागते, तेवढी दर भेटीत टॉर्च मारून बघा. उंदराचं बिऱ्हाड निघालं तर आधी मालकाला बोलावून दाखवा, मगच हात लावा. नाहीतर कुरतडलेल्या पट्ट्यांचं बिल तुमच्याच नावावर फाटतं.