एका लेसरपासून अनेक वाहक तयार करताना या चुका टाळा

एकाच लेसरच्या प्रकाशापासून वारंवारतेत समान अंतरावरचे अनेक वाहक (डेटा वाहून नेणाऱ्या प्रकाशलहरी) तयार करून प्रत्येकावर स्वतंत्र डेटा चढवण्याची पद्धत वेगवान फायबर जाळ्यांसाठी फार उपयोगाची आहे. जळगाव-धुळ्याकडे या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांनी मात्र स्पेक्ट्रममध्ये रेषा (प्रत्येक वाहकाची एक) किती मिळाल्या एवढेच पाहू नये. त्यांची उंची सारखी आहे का आणि प्रत्येक रेषा गोंगाटाच्या किती वर आहे, यावरच ती वाहक म्हणून चालेल की नाही हे ठरते.

बरीचशी गफलत मोजमापातच होते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास २५ गिगाहर्ट्झ अंतर म्हणजे जेमतेम ०.२ नॅनोमीटर. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचे (कोणत्या तरंगलांबीवर किती प्रकाश आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाचे) रेझोल्यूशन ०.१ नॅनोमीटरवर असेल, तर रेषांचे पायथे एकमेकांत मिसळतात आणि मधला गोंगाट आहे त्याहून जास्त भासतो. रेझोल्यूशन ०.०२ वर आणून मोजावे आणि आकडा ०.१ नॅनोमीटरच्या प्रचलित मापात सांगताना गोंगाटात सुमारे ७ डेसिबल मिळवावेत. ते विसरल्यास निकाल फसवा, अवाजवी चांगला दिसतो.

दुसरा प्रश्न बायसचा, म्हणजे प्रकाशात बदल घडवणाऱ्या मॉड्युलेटरला दिलेल्या स्थिर व्होल्टेजचा, आणि आपल्याकडे तो अधिक छळतो. वैशाखात खानदेशचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यात वीज गेली की प्रयोगशाळा तापते. लिथियम नायोबेट मॉड्युलेटरचा बायस तापमानाबरोबर सरकत असल्याने सकाळी नीट जुळवलेली मांडणी दुपारी बिघडते. प्रकाशाला फेऱ्या घालायला लावून दर फेरीत त्याची वारंवारता सरकवणाऱ्या लूपमध्ये हा बिघाड साचत जातो, कारण नको असलेली, पण मॉड्युलेटरमध्ये पुरती न दबलेली रेषा शेजारच्या वाहकावर जाऊन बसते. अशा वेळी लूपमधला प्रकाश वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती वाढवत बसू नये. आधी लूप उघडून एकाच फेरीचा स्पेक्ट्रम पाहावा, मूळ लेसरची आणि सरकवण्याच्या विरुद्ध बाजूची रेषा पुरेशी दबेपर्यंत बायस जुळवावा, मगच लूप जोडावा. स्वयंचलित बायस नियंत्रक मिळाला, तर तो जरूर वापरावा.

बायस अचूक असला तरी अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट फेरीगणिक साठतोच. २० फेऱ्यांनंतर तो एका फेरीच्या तुलनेत साधारण १३ डेसिबलने वाढलेला असतो. म्हणून रेषांची संख्या फिल्टरने मर्यादित ठेवावी.

लेसर ते मॉड्युलेटर साधी पॅच कॉर्ड लावू नये; ध्रुवण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) टिकवणारीच लावावी, नाहीतर केबल नुसती हलली तरी पातळी डोलते. हिरवा, तिरक्या टोकाचा कनेक्टर निळ्या, सरळ टोकाच्या कनेक्टरला जोडू नये. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू सुमारे ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यावर सहज बसतात, आणि जास्त शक्तीत तेथेच फायबरचे टोक जळते. म्हणून प्रत्येक जोडणीपूर्वी टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पुसावे आणि कनेक्टर सोडवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर व लेसर दोन्ही बंद करावेत.