ठिबकमधून खत सोडताना
व्हेंचुरी (दाबाच्या फरकाने खताचं पाणी पाइपात ओढणारं साधन) जाळीच्या फिल्टरच्या आधी बसवा, म्हणजे न विरघळलेला कण लॅटरलमध्ये (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांत) जाणार नाही. पंपाकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की खताचं पाणी उलट विहिरीत.

3 किलो 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) साठी 40 लिटर पाणी घ्या, ढवळून गाळा. आधी 15 मिनिटं साधं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा 15 मिनिटं साधं पाणी. हा शेवटचा टप्पाच घाईत गाळला जातो आणि ड्रिपरच्या तोंडाशी क्षार, शेवाळ धरतं.

कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (मोनो अमोनियम फॉस्फेट, स्फुरदाचं विद्राव्य खत) एका टाकीत कधीच नको. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि तो साका ड्रिपर बुजवतो.

व्हेंचुरी ओढत नसेल तर मुख्य पाइपवरचा, व्हेंचुरीच्या दोन टोकांमधला व्हॉल्व्ह थोडा आवळा. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडला की ओढ लागते.