बाळाची नोंद मोठ्यांच्या साच्यात? या चुका टाळा

तान्ह्या बाळाच्या नोंदीत ‘धूम्रपान करता का?’ याचे उत्तर भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसेल, तर समजावे की मोठ्यांसाठी बनवलेली रुग्णनोंदींची संगणकीय प्रणाली तशीच उचलून बालरोग विभागात बसवली आहे. हे हसून सोडता येईल (घरात कोणी ओढते का, एवढे विचारायला हवेच). पुढच्या चुका मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

वजनाचा नुसता आकडा

मुलांचे बहुतेक डोस किलोमागे ठरतात. म्हणून वजनाच्या रकान्यात चुकलेले पुढे औषधागणिक चुकत जाते. पौंडातला आकडा किलोच्या रकान्यात पडला, तर डोस दुपटीहून जास्त होतो. बालरोग विभागात किलो-ग्रॅमशिवाय दुसरे एकक उघडेच ठेवू नका. वजन कधी केले ती तारीखही डोसशेजारी दिसू द्या. बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होते; त्याला दोन महिन्यांपूर्वीचा आकडा काय कामाचा? आणीबाणीत अंदाजाने लिहिलेल्या वजनावर ‘अंदाजे’ अशी खूण हवी, नाहीतर तेच पुढे काट्यावर मोजलेले म्हणून मिरवते.

सगळ्यांत घातक सवय, माझ्या मते, डोस नुसता ‘मिली’त लिहिण्याची. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅ पॅरासिटामॉल म्हणजे १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेल्या सिरपचे ते ६.२५ मिली होतात, ५ मिलीत २५० मिग्रॅवाल्याचे ३ मिली, आणि १ मिलीत १०० मिग्रॅ असलेल्या थेंबांचे अवघे दीड मिली. कागदावर फक्त ‘६ मिली’ असेल आणि घरी थेंबांची बाटली निघाली, तर चौपट औषध पोटात जाते. मिग्रॅ, बाटलीची तीव्रता आणि मिली हे तिन्ही एकाच ओळीत छापून यायला हवेत.

कमाल मर्यादा घालायचीही राहून जाते. ८० किलोच्या किशोराला हाच हिशेब १२०० मिग्रॅ सांगतो. मोठ्या माणसालासुद्धा एरवी एका वेळी १००० च्या वर देत नाहीत. ५.० मधले टिंब पुसट छापले गेले की ५० वाचले जातात. तेव्हा टिंबानंतरचे शेवटचे शून्य प्रणालीनेच गाळावे, आणि .५ च्या आधी शून्य लावावे.

‘वय: ० वर्षे’

नवजाताचे वय तासांत दिसले पाहिजे. रक्तातले बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे पिवळे द्रव्य) १२ मिग्रॅ/डेसिलिटर आले, तर विसाव्या तासाला ती धावपळीची वेळ असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात पाचव्या दिवशी तोच आकडा बहुधा नुसते लक्ष ठेवण्याइतका.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा घोटाळा वेगळा. २८ आठवड्यांचे जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, की वाढ आणि विकास पाहताना ते जेमतेम सव्वातीन महिन्यांचे धरायचे (पूर्ण ४० आठवड्यांना कमी पडलेले १२ आठवडे वजा). लसी मात्र जन्मतारखेनुसारच. ही वजावट सगळीकडे लागू करणाऱ्या प्रणालीत लसी विनाकारण मागे पडतात.

दोन वर्षांच्या सुमारास उंचीची रेघ अचानक खाली वाकली, तर आजार शोधण्याआधी मूल कसे मोजले ते पाहा. आडवे ठेवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते. त्या दोन्हींना वेगळे रकाने हवेत. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते आणि पुढे २००७ चे. हा सांधा प्रणालीने आपणहून जुळवावा.

अहवालभर लाल खुणा

मुलांच्या अहवालात प्रत्येक ओळ लाल येत असेल, तर मर्यादा मोठ्यांच्या आहेत. हाडे वाढत असताना अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातले विकर (एन्झाइम) जास्तच असते. नवजाताची नाडी १४० असणेही नेहमीचेच. खोट्या इशाऱ्यांची सवय झाली, की खराही न वाचता बंद केला जातो.

नाव नसलेली बाळे

वॉर्डात पाच ‘बेबी’ आणि त्यांत एक जुळी जोडी असेल, तर चुकीच्या पाळण्याला औषधाची ऑर्डर जायला कितीसा वेळ? तात्पुरत्या नावात आईचे नाव आणि जुळ्यांना ‘एक’, ‘दोन’ हवेच. बारसे झाल्यावर नवी फाइल उघडू नका, जुनीतच नाव बदला. नाहीतर जन्माच्या वेळच्या लसी जुन्या फाइलमध्येच अडकून राहतात.

घाईने सुरू करणे

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयातून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात अजून चर्चेत असतो. डॉक्टरांनी औषधे-तपासण्यांच्या ऑर्डर संगणकावरून देणे सुरू झाल्यावर बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्युदर २.८ टक्क्यांवरून ६.५७ वर गेल्याचे त्यात दिसले. मूल पोहोचून नोंदणी होईपर्यंत ऑर्डरच टाकता येत नव्हती. आधी हे काम वाटेत असतानाच होत असे. सिएटलच्या बालरुग्णालयात तीच प्रणाली आली तेव्हा अशी वाढ दिसली नाही. दोष नुसत्या सॉफ्टवेअरचा म्हणता येत नाही, तो कामाच्या क्रमाचाही आहे.

म्हणून प्रणालीच्या चाचणीला सर्दी-तापाचे गुणी मूल घेऊ नका. रात्रीचे दोन वाजलेत, तिसाव्या आठवड्यात जन्मलेली जुळी, नावे नाहीत, वजन अंदाजे, रुग्णवाहिका अजून रस्त्यात. आता पहिल्या औषधाची ऑर्डर जायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा.