बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी या चुका टाळा

एकाच जुन्या हॅचबॅकला मी १४ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. पहिली चार-पाच महिने बरी चालली. मग एका सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. दुकानात नेली, त्याने यंत्र लावून "सेल गेलाय" (बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एक निकामी) सांगितलं आणि मी दुसरी घेऊन आलो. वॉरंटी कार्ड हरवलं होतं, तो मूर्खपणा वेगळाच. दुसरीही त्याच वाटेने गेली, तेव्हा कुठे डोकं जागेवर आलं. दोष निघाला प्लसच्या क्लॅम्पवर, म्हणजे बॅटरीच्या खुंट्याला आवळलेल्या पकडीवर, नटाखाली दाबलेल्या एका बोटभर लगमध्ये (वायरीच्या टोकाची धातूची कडी). दुरुस्तीला लागला पॉलिश पेपरचा तुकडा.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच समजा: बॅटरी उतरली म्हणजे बॅटरी खराब झाली, असं धरून चालणं. घरची पाण्याची टाकी रोज सकाळी रिकामी दिसली तर आपण लगेच नवी टाकी आणत नाही. टाकी गळते का, पंप भरतो का, कुठला नळ उघडा राहिलाय का, ते पाहतो. इथेही तेवढंच पाहायचं. बॅटरी चार्ज धरते का, डायनामोचं (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर) चार्जिंग तिच्यापर्यंत पोचतं का, आणि गाडी बंद असताना कोणी करंट खातंय का. काहीशे रुपयांच्या मल्टिमीटरवर तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

गाडी चालवून आल्याआल्या मोजू नका

गुहागरहून चिपळूणला जाऊन आलात, बॉनेट उघडून मीटर लावला आणि १२.९ दिसले, की वाटतं बॅटरी एकदम टकाटक. तो आकडा वरवरचा असतो. चार्जिंग थांबल्यावर काही तास तो चढलेलाच राहतो. बॉनेटचा आतला खटका आदल्या रात्रीच ओढून ठेवा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी दरवाजे न उघडता, नुसतं बॉनेट उचलून मोजा. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा आणि थोड्या वेळाने मोजा.

साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामीच. आता मदतीला घेतलेल्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली येतो ते बघा. बॅटरी भरलेली असूनही तो साडेनऊच्या खाली आला तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. पण हे भरलेल्या बॅटरीवरच करायचं. उपाशी माणसाला पळवून त्याच्या ताकदीचा निवाडा करू नये. माझ्या पहिल्या बॅटरीच्या बाबतीत दुकानात नेमकं तेच झालं.

बॅटरीच्या माथ्यावर चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावरही विसंबू नका. तो सहा सेलपैकी एकाच सेलचं सांगतो, बाकीचे पाच काय करतायत ते त्याला दिसत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सगळे सेल बघून घ्या. भरलेल्या बॅटरीत १.२६५ च्या वर आकडा हवा. पाच सेल सारखे आणि एक ०.०५ ने मागे असेल, तर तो सेल खरंच गेलाय.

मोरचूद पुसून टाकणं म्हणजे टर्मिनल साफ करणं नव्हे

आपल्याकडे कोकणात समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत राहणाऱ्यालाही खारं वारं सोडत नाही. खिडकीचे गज, पंख्याचे स्क्रू, गॅसची शेगडी सगळं खातं, मग टर्मिनल कसं सोडेल? क्लॅम्पवर चढणारा निळा-हिरवा थर म्हणजे बॅटरीतलं ॲसिड आणि क्लॅम्पमधलं तांबं यांचा संसार. पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो फवारायला आपण जो मोरचूद आणतो, तोच हा. खारी ओल त्याला आणखी जोर देते.

बहुतेक जण ओलं फडकं फिरवतात, वर ग्रीस थापतात आणि मोकळे होतात. त्रास देणारा थर मात्र आत असतो, क्लॅम्प आणि बॅटरीच्या खुंट्याच्या मधे, जिथे फडकं पोचतच नाही. क्लॅम्प काढावाच लागतो. आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम चुकला आणि पान्हा बॉडीला लागला तर ठिणगी काय असते ते कळतं. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासा, फेस थांबेपर्यंत. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, खुंटा आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प, हे उलटं काम मी भल्याभल्यांना करताना पाहिलंय.

क्लॅम्पवर येणाऱ्या बाकीच्या वायरी विसरू नका. माझ्या गाडीत सेल्फची जाड केबल ठणठणीत होती, म्हणून सेल्फ जोरात फिरायचा आणि कोणालाच शंका यायची नाही. डायनामोकडून येणारी वायर मात्र वेगळ्या लगने त्याच क्लॅम्पवर बसवलेली, आणि त्या लगखाली थर. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मोजलं तर डायनामोच्या बोल्टवर १४.३ व्होल्ट आणि बॅटरीच्या खुंट्यावर १३.२. वाटेतच १.१ व्होल्ट गायब! १३.२ वर बॅटरी कधीच पुरी भरत नाही. अर्धपोटी राहून आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि वर्षभरात चांगली बॅटरी मरते. दुकानातून आणलेली भरलेली बॅटरी थोडे महिने तग धरायची, म्हणून मला वाटायचं, इलाज लागू पडला.

बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना खुंट्यावर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. नव्या, स्मार्ट डायनामोच्या गाड्यांत तो मुद्दाम वरखाली होतो, तेव्हा एका आकड्यावरून निकाल देऊ नका. डायनामोपाशी बरोबर आणि खुंट्यावर कमी, तर वाट खराब. दोन्हीकडे कमी, तर पट्टा नाहीतर डायनामो. पावसात सुरू करताना पट्टा किंचाळत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

चालू गाडीत टर्मिनल काढून डायनामो तपासू नका

"मायनस काढ, इंजिन बंद नाही पडलं तर डायनामो चांगला" ही जुन्या ॲम्बेसिडरच्या जमान्यातली युक्ती. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळी मारतं आणि महागडी इलेक्ट्रॉनिक्स जायची भीती असते. मीटर हातात असताना हा जुगार कशाला? बॅटरी सिमेंटच्या लादीवर ठेवली की उतरते, ही समजूतही अशीच जुनी. प्लास्टिकच्या डब्यातल्या बॅटरीला लादी काही करत नाही. उतरते ती नुसती पडून राहिल्यामुळे.

रविवारची दहा मिनिटं

हा भाग चाकरमान्यांसाठी. गाडी गावच्या घरी, ताडपत्रीखाली. मालक ठाण्याला किंवा डोंबिवलीला. शेजाऱ्याला चावी देऊन सांगितलेलं, "दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवा." शेजारी बिचारा इमानाने करतो आणि गणपतीत गाडी तरी बंदच.

हिशेब करून बघा. चांगल्या गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना मिळून ५० मिलीअँपिअरपर्यंत लागतात. दिवसाला १.२ अँपिअर-तास, आठवड्याला ८.४. उभ्या गाडीत दहा मिनिटांत बॅटरीला अगदी २० अँपिअर मिळत राहिले तरी जमा होतात सव्वातीन. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे दोन महिन्यांत कारभार आटोपला. त्यापेक्षा मायनस काढून ठेवा. घड्याळ परत लावावं लागेल एवढंच. रेडिओला कोड लागत असेल तर तो मात्र आधी शोधून ठेवा. किंवा शेजाऱ्याला सांगा, पाऊण तास गाडी फिरवून आणा, तुमचीही कामं होतील.

पूर्ण उतरलेली बॅटरी डायनामोवर भरायची हीदेखील चूकच. त्याच्यावर ताण येतो आणि बॅटरी पुरती भरतही नाही. चार्जरवर, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ३५च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, सावकाश भरा. खोलीत वारा हवा, कारण चार्जिंगला हायड्रोजन निघतो. सेलमध्ये पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच घाला; विहिरीचं नको आणि फिल्टरचंही नको.

करंट खाणारा शोधताना होणारी घाई

गेल्या पावसाळ्यात पुतण्याचा फोन आला. "काका, नवी बॅटरी आहे हो, तरी तिसऱ्या दिवशी सेल्फ उचलत नाही."

"मायनस काढून ठेवल्यावर?"

"मग आठवडाभर काही होत नाही."

अर्धं निदान तिथेच झालं. बॅटरी चार्ज धरते, गाडी खाते.

मोजायची रीत अशी. चावी खिशात नको, दूर घरात ठेवा. काच खाली करून ठेवा, नाहीतर गाडी लॉक होऊन चावी आत राहण्याचा प्रसंग येतो. बॉनेट उघडं, आणि दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याची कुंडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलेलं वाटेल. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावून मीटर मायनसचा खुंटा आणि काढलेला क्लॅम्प यांच्या मधे जोडा. आता हात लावू नका. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, घाबरू नका. गाडीचे कॉम्प्युटर जागे असतात. ते झोपायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. इथेच सगळे चुकतात, पाचव्या मिनिटाला आकडा बघून वायरमनला बोलावतात. आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

पुतण्याच्या गाडीत पाऊण तासाने आकडा ०.४१ वर थांबला. पन्नासच्या जागी चारशे दहा मिलीअँपिअर, दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. एकेक फ्यूज काढत गेलो. नंतर लावलेल्या वस्तू आधी: म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर. आकडा हलला नाही. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि तो ०.०३ वर आला. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नसता, तर मायनस सोडून डायनामोची वायर काढून बघितली असती, कारण आतला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेला की तोही रात्रभर करंट पितो. उंदरांनी कुरतडलेली वायरही मी शोधणार होतो.

पण छतावरचा दिवा तर बंद दिसत होता. मग पुतण्याने आपला मोबाइल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. दोन मिनिटांनी बघितलं तर व्हिडिओत डिकी लख्ख उजळलेली. ५ वॉटचा दिवा, म्हणजे ०.४ अँपिअर, आणि त्याचं बटण खाऱ्या ओलीने आतून अडकलेलं. दिवा काढून हातात घेतला तर चांगलाच तापला होता. नवं बटण चिपळूणहून यायला आठ दिवस लागले, तोवर डिकीत टॉर्च ठेवला.