गरिबांसोबत धंदा उभारताना या चुका टाळा

सत्तरी, डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या महिलांच्या स्वयंसहाय्य गटांबरोबर काम करताना मला एकच प्रकार वर्षानुवर्षे दिसत आला आहे. पणजीहून किंवा त्याहूनही दूरच्या शहरातून एखादा उत्साही माणूस येतो, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ग्राहक किंवा पुरवठादार म्हणून जोडून घेणारा व्यवसाय उभारायचा म्हणतो, वस्तूची किंमत आणखी किती खाली आणता येईल यावर सहा महिने डोके झिजवतो आणि त्या घरात पैसा नेमका कोणत्या महिन्यात असतो हे एकदाही विचारत नाही. दरडोई उत्पन्नात देशातल्या आघाडीच्या राज्यांत गणल्या जाणाऱ्या गोव्यात गरीब आहेत तरी कुठे, असे विचारणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वाळपईहून आतल्या गावांत जाणाऱ्या पहिल्या बसने एकदा फिरून या, एवढेच सांगतो.

वर्षाच्या कमाईला बाराने भागणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून सत्तरीतल्या तीन वाड्यांवर पाणी गाळण्याची यंत्रे हप्त्याने दिली. किंमत 1,800 रुपये, दरमहा 150 रुपयांचे 12 हप्ते. पावसाळा लागला की विहिरींचे पाणी गढूळ होते, तेव्हा मागणी असणारच, या हिशेबाने आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटप केले. चाळीस यंत्रे तीन दिवसांत संपली आणि आम्ही स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. ज्या घरांत ती गेली त्यांची वर्षातली मुख्य कमाई मार्च ते मे या काजूच्या हंगामातली होती: बागायतीत बिया वेचण्याची मजुरी, स्वतःच्या चार झाडांची थोडी बी आणि रातांब्यांची सोलां, म्हणजे वाळवलेली आमसुले. जून उजाडेपर्यंत त्या पैशांतून पसरकाराची, म्हणजे गावच्या किराणा दुकानदाराची, जुनी उधारी फिटली होती, मुलांच्या वह्या-छत्र्या आल्या होत्या आणि छपरावर नवे प्लास्टिक चढले होते. पहिला हप्ता सगळ्यांनी दिला, कारण लोक शब्दाला जागणारे होते. जुलैत निम्मी वसुली झाली. ऑगस्टमध्ये, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असताना, आम्ही वही घेऊन दारोदार फिरलो. हा शुद्ध गाढवपणा होता. एका मावशीने यंत्र धुऊन, पुसून, गोणपाटात गुंडाळून आमच्या हातात परत ठेवले. पाणी चांगले येत होते, तक्रार काही नव्हती. पण हप्त्याचा माणूस दारात उभा असलेला शेजारणीने पाहावा, हे तिला गढूळ पाण्यापेक्षा जास्त झोंबले होते. सप्टेंबरपर्यंत अशी अकरा यंत्रे परत आली. आमच्यातल्या एकाने किंमत आणखी 300 रुपयांनी उतरवण्याची सूचना केली. अशी सूचना हमखास येते, आणि ती हमखास चुकीची असते.

पुढच्या वर्षी आम्ही किमतीला हात लावला नाही. एक रक्कम मेच्या मध्यावर, काजूची बी विकून झाल्यावर, आणि दुसरी सुपारीच्या तोडणीची मजुरी हातात येते तेव्हा, असे दोनच हप्ते ठेवले आणि वसुली जवळजवळ पूर्ण झाली. हे काही माझे संशोधन नव्हे. शेजारच्या कर्नाटकात हरीश हांडे यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या 'सेल्को'ने सौरदिवे याच समजुतीवर विकले. महिन्याचे 300 रुपये जड जातात, पण रोजचे 10 जमतात, हे आपल्याला एका फेरीवाल्या बाईने शिकवले, असे हांडे सांगत आले आहेत. फेरीवालीचा पैसा रोज येतो आणि काजू वेचणारीचा वर्षातून तीन महिने. दोघींना एकच महिनेवारी हप्ता लावणारा माणूस आळशी असतो, एवढेच माझे मत आहे.

नियम पाळला म्हणजे गणित सुटले, असेही समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या चौकटीनुसार वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मकर्ज ठरते आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात एकाच बाईच्या गळ्यात चार-चार संस्थांची कर्जे अडकली, दांडगाईच्या वसुलीवरून ओरड झाली, सरकारने वटहुकूम काढला आणि परतफेड कोसळली. त्यानंतर अशी मर्यादा हवीच होती. परंतु कागदावरचे मासिक उत्पन्न ही सरासरी असते, आणि ज्या महिन्यात घरात काहीच येत नाही त्या महिन्याचा निम्मा वाटाही शून्यच असतो.

आमच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्याने तर याहून मोठा धडा दिला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ चालू झाल्या आणि 88 लीज सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकचे हप्ते फेडणारी माणसे, त्यांना जेवण पुरवणारी खानावळ आणि त्या खानावळीला भाकऱ्या देणारा गट, हे सारे एकाच महिन्यात कोरडे पडले. गटाच्या सभासद वीस असल्या तरी उत्पन्नाचा झरा एकच आहे का, हे मी आता सर्वांत आधी विचारतो.

ही माहिती मिळवण्याची माझी रीत साधी आहे. छापील प्रश्नावली घेऊन मी घरोघर फिरत नाही, कारण अनोळखी माणसाला उत्पन्नाचा खरा आकडा कोणीही सांगत नाही. गावच्या पसरकाराकडे दोन-तीन दुपारी बसतो आणि कोणाचेही नाव न विचारता फक्त उधारी कोणत्या महिन्यात चढते आणि कोणत्या महिन्यात उतरते, एवढे समजून घेतो.

विकत घेताना पैसे थकवणे

गरिबांकडून माल घेणारे लोक दराचा फार गवगवा करतात. एका खरेदीदाराने एका गटाला सोलांसाठी गावच्या दलालापेक्षा किलोमागे 40 रुपये जास्त देऊ केले, मात्र बिल 45 दिवसांनी मिळणार होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ती शेवटची मुदत हीच जणू रीत, असे पुष्कळांनी ठरवून टाकले आहे. बायकांनी माल दलालालाच घातला, कारण त्याने फेब्रुवारीतच आगाऊ रक्कम दिली होती. खरेदीदार त्यांना अडाणी म्हणाला. पाऊस तोंडावर असताना 45 दिवस थांबण्याची किंमत त्या बायकांना त्याच्यापेक्षा चांगली कळत होती. आणंदच्या दूध संस्थांनी 1946 पासून गवळ्यांचा विश्वास कमावला तो केवळ दरावर नव्हे; सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी मिळत, यालाही तेवढेच मोल होते. निम्मे पैसे वजनकाट्यावर आणि उरलेले आठ दिवसांत, ही माझी अट असते. तेवढे खेळते भांडवल नसेल तर एकाच वाडीपासून सुरुवात करावी. दहा गावांचा फलक लावण्याची घाई कोणी सांगितली आहे?

काही लहान चुका

स्वस्त म्हणजे हलके, असे धरून चालू नये. मदुराईत 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालेल्या 'अरविंद' नेत्ररुग्णालयाने शस्त्रक्रियेच्या कामाची शिस्त बसवून खर्च उतरवला आणि 1992 पासून डोळ्यांत बसवायची भिंगे स्वतः बनवली. फुकट उपचार घेणाऱ्याच्या डोळ्याला त्यांनी दुय्यम काम दाखवले नाही.

वापरायला लागणारा वेळही किमतीत धरावा. 'प्रॉक्टर अँड गँबल'ची पाणी शुद्ध करणारी पुडी 10 लिटर पाणी स्वच्छ करते, पण पाणी ढवळा, गाळ बसू द्या, फडक्याने गाळा आणि पुन्हा थांबा, हे रोज करायचे असते. पुडी बाजारात चालली नाही आणि शेवटी मदतकार्यात वाटली गेली.

आधी फुकट वाटून नंतर पैसे मागू नयेत. सरकारी मानधनाच्या भरवशावर हप्ता बांधू नये. गावात एकच प्रतिनिधी नेमू नये, आणि नेमलाच तर तो पंचाचा भाचा नसावा.

नवे लोक पाहणीसाठी बहुधा एप्रिल-मेमध्ये येतात, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात, आंबे-फणस असतात आणि घरोघरी दोन पैसे खुळखुळत असल्यामुळे सगळे 'घेऊ, घेऊ' म्हणतात. पहिली फेरी श्रावणात करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. पाऊस जरा ओसरला की येतो, असे बहुतेक जण कळवतात.