एकाच उत्परिवर्तनाचे दोन क्रमांक : तीन डेटाबेस जोडताना

सिकलसेल आजाराच्या अभ्यासासाठी डीबीएसएनपीमधील जनुकीय बदल, यूनिप्रॉटमधील प्रथिनांची माहिती आणि पीडीबीमधील त्रिमितीय रचना एकाच शोधातून मिळाव्यात, अशी व्यवस्था मला उभारायची होती. आरएस३३४ हा सिकलसेलला कारणीभूत बदल, ज्यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते, यूनिप्रॉटच्या पी६८८७१ या त्या साखळीच्या नोंदीत सातव्या स्थानी सापडत होता, पण पीडीबीतील २एचबीएस या सिकलसेल हिमोग्लोबिनाच्या रचनेत त्याच क्रमांकावर व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्लच दिसत होते.

कारण क्रमांकनात होते. यूनिप्रॉट साखळीच्या सुरुवातीचे मेथिओनीन हे अमिनो आम्लही मोजते. तयार हिमोग्लोबिनात ते गळून पडलेले असल्याने जुन्या वैद्यकीय लेखनात आणि या रचनेत तेच स्थान सहावे ठरते. त्यात निरोगी बीटा साखळीत ग्लुटामिक आम्ले सलग दोन असल्यामुळे चुकीची जोडणीही वरवर बरोबर भासते, आणि हा प्रकार फार फसवा आहे.

सरसकट एक वजा करणे मी टाळले, कारण प्रत्येक रचनेचे क्रमांकन वेगळे असू शकते. त्याऐवजी यूनिप्रॉट आणि पीडीबी यांची जुळणी करणाऱ्या सिफ्ट्स या प्रकल्पाचे अवशेषनिहाय (साखळीतील एकेका अमिनो आम्लाचे) जुळणीतक्ते आणून यूनिप्रॉट क्रमांक, पीडीबी संकेत, साखळी आणि स्थान यांची संयुक्त किल्ली, म्हणजे नोंद ओळखण्याची एकत्रित खूण, केली; स्थानाला कधीकधी अक्षर जोडलेले असते, म्हणून तो स्तंभ मजकूररूपात ठेवला. प्रत्येक जोडणीत अमिनो आम्लाचे अक्षरही पडताळले जाते आणि न जुळणारी नोंद, ज्ञात उत्परिवर्तन नसल्यास, वेगळ्या तक्त्यात जाते. सिफ्ट्स दर आठवड्याला अद्ययावत होत असल्याने तक्ता उतरवल्याची तारीखही सोबत साठवतो.