डंबेलशेजारचा ग्रह: २०० मिमी लेन्सने अधिक्रमण कसं मोजावं

जंबूक तारकासमूहात डंबेल तेजोमेघापासून पूर्वेला जेमतेम पाव अंशावर ७.७ प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा) एक नारिंगी तारा आहे, एचडी १८९७३३. अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षं. त्याच्याभोवती गुरूपेक्षा किंचित मोठा ग्रह फिरतो, हे २००५ साली कळलं. दर २ दिवस ५ तास १५ मिनिटांनी हा ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो (हेच अधिक्रमण) आणि सुमारे १ तास ५० मिनिटं ताऱ्याचा प्रकाश २.४ टक्क्यांपर्यंत घटतो. एवढी घट साध्या डीएसएलआरलाही सापडते.

२०० मिमी एफ/२.८ लेन्स, आकाशाच्या गतीबरोबर कॅमेरा वळवणारा ट्रॅकर आणि न हलणारा ट्रायपॉड पुरतो. या ताऱ्यासाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षा लेन्सच बरी. दुर्बिणीच्या लहानशा चौकटीत तुलनेला तेवढाच तेजस्वी तारा मिळत नाही, लेन्सच्या चौकटीत बरेच मिळतात.

महाराष्ट्रात पाऊस ओसरला की ऑक्टोबर उत्तम: अंधार पडताना तारा जवळजवळ डोक्यावर असतो. एक्सोक्लॉक या अधिक्रमणांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या वेळापत्रकात अधिक्रमणाचा मध्यबिंदू रात्री नऊच्या आसपास येणारी तारीख शोधा. आधी एक तास आणि नंतर एक तास धरून जवळपास चार तास सलग चित्रण हवं, कारण आधीची आणि नंतरची सपाट पातळी नसेल तर घटीची खोली कशाच्या तुलनेत मोजणार? ढगांनी घात केला तर २० दिवसांनी पुन्हा संधी येते, तीही ४७ मिनिटं लवकर.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फोकस मुद्दाम बिघडवा. तारा १०-१५ पिक्सेल रुंद चकतीसारखा दिसला पाहिजे. टाचणीएवढा नेटका तारा एकदोन पिक्सेलवर पडतो, ते भरून वाहतात आणि भरलेल्या पिक्सेलला घट कळतच नाही. शिवाय तारा किंचित सरकला की पिक्सेलमधले बारीक फरक मोजणीत शिरतात. आयएसओ ४००, ३० सेकंदांचं एक्स्पोजर, रॉ फाइल. १४ बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेलचा सर्वोच्च आकडा १०,०००च्या खाली ठेवा. फोकस रिंगला चिकटपट्टी लावा, मध्ये हात लावू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा. सुमारे ४५० फ्रेम होतील, कार्ड रिकामं असू द्या. शेवटी झाकण लावून ३० डार्क (काळ्या फ्रेम) आणि त्याच फोकसवर ३० फ्लॅट (एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या फ्रेम) घ्या.

अॅस्ट्रोइमेजजे या ताऱ्यांचा प्रकाश मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवा चॅनल वापरा. मोजणीचं वर्तुळ संपूर्ण चकती सामावेल एवढं ठेवा. तीन-चार तुलनातारे घ्या, शक्यतो नारिंगीच: निळा तारा क्षितिजाकडे उतरताना वेगळ्या दराने मंदावतो आणि आलेख तिरका होतो. एखाद्या तुलनाताऱ्याचाच आलेख वेडावाकडा आला तर तो काढून टाका. एकेका फ्रेममध्ये ०.२ टक्के थरथर राहणारच, ती हवेची लुकलुक आहे. दहा-दहा फ्रेमची सरासरी काढली की खड्डा स्वच्छ उठून दिसतो. आलेखात अचानक पायरी दिसली तर बहुधा ट्रॅकरला धक्का लागलेला असतो. हळूहळू सगळेच तारे मंदावले तर लेन्सवर दव.

घट २.४ टक्के, म्हणजे ग्रहाची चकती ताऱ्याच्या चकतीचा ०.०२४ भाग झाकते. ०.०२४चं वर्गमूळ सुमारे ०.१५५, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या १५.५ टक्के. वातावरणाचा शोध याच खड्ड्यात घेतात: ज्या रंगात ग्रहाभोवतीचा वायू प्रकाश शोषतो त्या रंगात खड्डा किंचित खोल होतो. पण या ग्रहाची हवा उंचीनुसार विरळ होण्याचं प्रमाण पाहता तो फरक ०.०१ टक्क्याच्या घरात असतो, जमिनीवरच्या लेन्सच्या आवाक्याबाहेर. २०२४ साली तिथला हायड्रोजन सल्फाइड ओळखला तो जेम्स वेब दुर्बिणीने. अशा दुर्बिणींना अधिक्रमण नेमकं कधी सुरू होणार हे मिनिटापर्यंत ठाऊक असावं लागतं, आणि ते वेळापत्रक ताजं राहतं जमिनीवरच्या मोजणीमुळे. तुमची मध्यवेळ, तिच्या त्रुटीसह, एक्सोक्लॉकवर पाठवा. दूरच्या ग्रहांची वातावरणं तपासणाऱ्या युरोपच्या एरियल अंतराळ मोहिमेसाठी तिथे हीच नोंद जमा होते. अर्धवट रात्रीचा आलेखही पाठवा, फक्त तो अर्धवट आहे असं स्पष्ट लिहा.